मरळीचा डाळभात

"मॅडम, हे खाद्य तुम्ही स्वतः कधी खाऊन बघितलंय का?"

वर्गात हशा पिकला. शेजारच्या प्रवल्लिकानं जीभ चावली. "विचारून दाखव, आठवडाभर माझ्या डब्यातलं आवकाय लोणचं तुझं," अशी पैज तिनंच लावली होती. पण लिखिता खरंच उभी राहील असं तिला कुठं वाटलं होतं? मागच्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा हिचा आवाज फुटायचा नाही.

शाळेत आलेल्या मत्स्यखात्याच्या मॅडमनी माशांच्या खाद्याच्या पिशवीतले दोन दाणे उचलले, तोंडात टाकले आणि कडाकड चावले.

"आता तू."

माघार घेणं लिखिताच्या नव्या स्वभावात बसत नव्हतं. तिनं दाणा चावला. "अय्यो! याला मासळीचा वासच नाही. फुटाण्यासारखं लागतंय."

"मासळीची पूड निम्म्याहून कमी केलीय. बाकी सोयाबीनची आणि शेंगदाण्याची पेंड. समुद्रातली बारकी मासळी दळून तळ्यातल्या माशांना किती दिवस घालणार? तुमच्या तळ्यात मरळ मासा आहे ना? ने एक पोतं."

घरी वीर्राजूंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नान्नांनी, पोत्यात हात घालून एक दाणा जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. बावीस वर्षांत चाखल्याशिवाय त्यांनी एक मूठही पाण्यात सोडली नव्हती. पैज प्रवल्लिकाची असली, तरी प्रश्न तळ्याच्या याच बांधावर, त्यांना बघून उगवलेला होता.

"तल्ली, बाळा, मरळ म्हणजे तळ्यातली वाघीण. वाघिणीला डाळभात वाढतेस?"

"पण वाघिणीला रोज मासळी घालणं जमतंय का तुम्हाला?"

"तोंड आहे की तोफ?" अम्मा आतून ओरडली.

मासळीची पूड इतकी महागली होती, की ही खेप निघाली की मरळ बंद करायची, तळं दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि आपण बर्फाच्या कारखान्यात रखवालदारी धरायची, असं नान्नांनी ठरवून टाकलं होतं. कारखान्यातून बोलावणंही आलं होतं. हल्ली ते स्वतःच्याच बांधावर पाहुण्यासारखे उभे राहायचे.

"तळ्यात पायऱ्यांजवळ जाळं लावून वेगळा केलेला चौकोन तुझा," शेवटी ते म्हणाले. "चार दिवस. आणि लक्षात ठेव, उपाशी मरळ शेजारणीलाच गिळते."

पहिल्या दिवशी मरळी वर आल्या, दाणा तोंडात घेतला आणि फुर्रकन बाहेर टाकला, सासुरवाडीच्या जेवणाला नावं ठेवणाऱ्या जावयांसारखं. दुसऱ्या दिवशी वर आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी एका मरळीच्या तोंडातून दुसरीची शेपटी लोंबत होती. लिखितानं ते शाळेत प्रवल्लिकाला सांगितलं.

"आता तूच खा ते," प्रवल्लिका म्हणाली, "लोणचं मी देते."

"तू गप!"

त्या संध्याकाळी अम्मानं कोळंबी सोलली आणि डोक्यांचं पातेलं घेऊन पायऱ्यांवर धुवायला बसली. खरकटं पाणी तळ्यात गेलं मात्र, लिखिताचा चौकोन उकळत्या कढीसारखा खदखदायला लागला. मरळी जाळ्यावर धडका देत होत्या.

लिखिता धावत सुटली. "अम्मा, ते टाकू नकोस!"

"काय टाकू नको?"

"डोकी! कोळंबीची डोकी!"

"अगं, वास मारतंय!"

"मारू दे! वासच तर हवाय!"

चौथ्या दिवशी सकाळी तिनं ती डोकी उकळली, लालभडक पाणी गाळलं, त्यात दाणे भिजवले आणि सुपात पसरून वाळवले. "गेलं माझं पातेलं," असं अम्मा तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा चुलीतलं लाकूड तिनंच पुढं सारलं.

नान्ना आले. सवयीनं एक दाणा जिभेवर ठेवला. लिखिता त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

ते थुंकले नाहीत. "मीठ कमी आहे," म्हणाले.

तिनं मूठ फेकली आणि पाणी फुटलं! काळ्या पाठी एकमेकींवर चढल्या, शेपट्यांचे फटके बसले, नान्नांची लुंगी गुडघ्यापर्यंत भिजली. दुसरी मूठ. तिसरी. एकही दाणा परत आला नाही.

"आज खाल्लं," नान्ना म्हणाले. "उद्याचं उद्या." पण बोलता बोलता त्यांनी मुलीपुढं हाताची ओंजळ केली. लिखितानं ती काठोकाठ भरली. त्यांनी दाणे असे फेकले, की अर्धा चौकोन एका फटक्यात झाकला गेला. तिला ते अजून जमत नव्हतं.

रिकामं सूप काखेत मारून ती बांधाच्या उंचवट्यावर चढली.

"नान्ना, अम्मा, नीट ऐका. दहावीनंतर तुम्ही ठरवलेल्या विजयवाड्याच्या हॉस्टेलात मी जाणार नाही. इंजिनीअर व्हायला गावातली बाकीची पोरं पुरे आहेत. मी माशांचंच शिकणार, मॅडमसारखं. आणि त्या बर्फाच्या कारखान्यात आजच निरोप पाठवा. म्हणावं, रखवालदार येत नाही."