लेकीकडे नांदायला आलेली किडनी

त्या मंगळवारी सकाळी जालन्याहून जाफराबादला नेहमीसारखाच फोन आला.

"जय भीम, पोरी. कसंय माझं?"

"बरंय, आई. शाळेची वेळ झाली."

"पाणी पिलीस का?"

"पिले ना गं!" म्हणत शाळेत शिकवणाऱ्या प्रियदर्शनीनं फोन ठेवला. खरं तर ती प्यायलीच नव्हती.

मित्रांनो, फोनवर चौकशी झाली ती माझी. मी एक जुनी किडनी आहे, एकसष्ट वर्षांची. छप्पन्न वर्षं पुष्पाबाईंच्या पोटात काढली, पुढची पाच त्यांच्या लेकीच्या.

माझं काम तर ऐका! रक्त माझ्याकडे सारखं धावत येतं. माझ्यात लाखो बारीक गाळण्या आहेत. रक्तपेशी वरच अडतात. पाणी, मीठ, साखर, युरिया खाली उतरतात. मग खरी गंमत! शरीराला हवं ते मी वेचून परत देते आणि टाकाऊ तेवढं मूत्रात सोडते. पुष्पाबाई बियाण्याच्या कारखान्यात तेच करायच्या: चांगलं बी इकडे, काडीकचरा तिकडे. दिवसाला जवळजवळ शंभर लिटर गाळते मी, आणि बाहेर जातं जेमतेम दोन लिटर!

पण तिथे माझे हाल होते. कारखान्यातला संडास लांब, दाराला कडी नाही. म्हणून बायका सुट्टी होईपर्यंत पाण्याला तोंडच लावत नसत.

अशात प्रियदर्शनीच्या दोन्ही किडन्या थकल्या. युरिया रक्तातच साठू लागला, पाय सुजले, अन्न नकोसं झालं. आई मला द्यायला निघाली तेव्हा लेकीनं तीनदा सांगितलं, "तुझी नको." पुष्पाबाईंनी ऐकलंच नाही. तपासणीत मी चांगली निघाले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाणी पीत जा." दुसऱ्या दिवसापासून कामावर त्यांचा तांब्या रिकामा होऊ लागला.

"पुष्पाबाई, आज तिकडंच मुक्काम हाय का?" शेजारी बसणारी शालू ओरडायची.

"मंग लेकीला सुकलेली किडनी देऊ का? चल, दार धर जल्दी!"

शालू हसत दार धरायची. महिन्याभरात सगळ्याच बायका जोडीनं जाऊ लागल्या.

आणि तो दिवस! पुष्पाबाईंच्या पोटातून निघाले, बर्फात गारठले, लेकीच्या पोटात उजवीकडे खाली मला जोडलं. रक्त शिरलं, मी गुलाबी झाले, आणि टेबलावरच मूत्राचा पहिला थेंब! "चालू झाली!" डॉक्टर ओरडले.

त्यानंतर पाच वर्षं रोज तोच प्रश्न आणि तेच "बरंय". आईचं काढून घेतल्याची प्रियदर्शनीला लाज वाटायची. तिला वाटायचं, बोलू कधीतरी.

आणि सकाळच्या त्या फोननंतर, त्याच मंगळवारी दुपारी पुष्पाबाईंचं हृदय बंद पडलं.

मित्रांनो, तहान मारू नका. शाळेतल्या संडासाला कडी नसेल तर मोठ्यानं सांगा. आमचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, तुमचं येतं.

पुष्पाबाईंच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीत सगळे जमले त्या दिवशी, शालूनं कारखान्यातला तो तांब्या आणून दिला. प्रियदर्शनीनं तो भरला आणि सगळा प्यायली. माझ्याकडे पाणी पोचलं, कामाची नुसती धांदल उडाली! तेवढ्यात बाहेरून तिचा हात माझ्यावर टेकला.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "नको म्हणाले ना, ते खोटं होतं. मला हवी होती गं. मला जगायचं होतं."