सून कायद्यात येत नाही

"तर बाई, ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा. जबाबदारी कोणाकोणावर येते?"

अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं आणि आवाज मुद्दाम जड केला होता. समोर चारुलता मेथी निवडत बसली होती. परवा तिची धारला मुलाखत होती, वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत समाजकार्यकर्तीच्या जागेसाठी. कायदा आणि सरकारी धोरणं यांवर नक्की विचारतील, असं तिथल्या मॅडमनी फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून देवासच्या त्या दोन खोल्यांत सासरे रोज संध्याकाळी तिची परीक्षा घेत. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. तिच्या हिंदी गाईडमधली मात्रेची चूकही नजरेतून सुटायची नाही.

"मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं," चारुलता म्हणाली.

"आणि सून?"

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली.

"सून कायद्यात येत नाही, अण्णा."

"बरोबर," म्हणत त्यांनी पान उलटलं. मग गाईडच मिटून ठेवलं.

तिचा नवरा, मनन, जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरले दीर अंबरीश बंगळुरूला. त्यांचा फोन यायचा तो सणासुदीला. मागे उरलेले हे दोघं एकमेकांना धरून राहिले, पण त्याबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं. आता नोकरी लागली तर चारुलताला धारलाच राहावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पार्वतीकाकूंनी तिला हळूच सांगितलं, की अण्णा उज्जैनच्या वृद्धाश्रमाची चौकशी करत होते. चारुलताला राग आला आणि रडूही. घरी येऊन तिने कुकर लावला.

मुलाखतीत तिघंजण होते. मधल्या वयस्क बाईंनी विचारलं, की एखाद्या म्हाताऱ्याला मुलगा बघत नाही आणि त्याला मुलाविरुद्ध अर्जही करायचा नाही, तर तुम्ही काय कराल? चारुलताला कलमाचा नंबर आठवेना. मग तिने सरळच सांगितलं, की त्यांचा हक्क काय आहे ते मी त्यांना नीट समजावीन, पण अर्जासाठी बळजबरी करणार नाही. तोवर पेन्शनचं आणि औषधाचं बघेन.

"और पूछूँगी कि वो रहना किसके साथ चाहते हैं," ती म्हणाली. "ये उनसे कोई पूछता नहीं."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपणही विचारलेलं नाही.

संध्याकाळी घरात पाऊल ठेवताच अण्णा म्हणाले, "कसा झाला इंटरव्ह्यू?"

"अण्णा, नोकरी लागली तर धारला माझ्याबरोबर याल?"

"तुझ्यावर तसं काही बंधन नाही, सूनबाई."

"म्हणून तर विचारतेय."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पुसला. मग खालच्या मजल्यावर खोली मिळेल का, असं त्यांनी विचारलं. गुडघे जिने चढू देत नव्हते.

नोकरी मिळाली, आणि धारला खालच्या मजल्यावरची खोलीही. सामान उतरवून झाल्यावर मालकीणबाई दारात आल्या आणि चारुलताला म्हणाल्या, "ये आपके पिताजी?"

"ससुर हूँ," अण्णांनीच उत्तर दिलं, आणि तिच्या खांद्यावर हात टेकून उंबऱ्याशी चपला काढल्या.