खिरीआधी शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड आयरिश कादंबरी आहे. माझं नाव विचारू नका. नाव ऐकलं की लोक 'वा वा' म्हणतात, आणि वा वा म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्यात एका शहरातला एकच दिवस आहे. एक साधा माणूस त्यात हिंडतो आणि मनातल्या मनात बडबडतो. ती बडबड लेखकाने जशीच्या तशी उतरवली आहे, म्हणून मला अवघड म्हणतात.

परदेशात छापली गेले आणि फिरत फिरत सीताबर्डीच्या एका दुकानात आले. तिथून आनंदरावांनी मला घरी नेलं. ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मी हुरळून गेले होते. पण थोड्याच पानांवर त्यांची खूण अडकली, ती अडकलीच. मग काचेचं कपाट! पाहुणे आले की आनंदराव माझ्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे पुस्तक म्हणजे हिमालय." पायथ्याशी फोटो काढून परतणारे पुष्कळ असतात. माझी मागची पानं एकमेकांना चिकटलेली होती, त्यामुळे त्या कौतुकात पाणी किती हे मला चांगलं ठाऊक होतं.

पुढे काचबिंदूने आनंदरावांची नजर गेली. ते आणि पत्नी प्रेमिलाबाई मनीषनगरला मुलीकडे, मेघाकडे राहायला आले. फ्लॅट लहान, म्हणून बरीच पुस्तकं रद्दीत गेली. मी वाचले, पण का वाचले? जाड आहे, काहीतरी दाबायला कामी येईन म्हणून असणार.

एके संध्याकाळी आनंदराव म्हणाले, "आयुष्यभर त्या हिमालयाची तारीफ केली, पण वाचायचं राहूनच गेलं. आता तर डोळेच नाही." ते बोलले आणि मान खाली घालून बसले.

मेघाने मला उघडलं आणि दोघांना वाचून दाखवू लागली. मी मनात म्हटलं, चार दिवसांचं कौतुक! आणि तसंच होऊ लागलं. ती दर ओळीला थांबायची, मोबाइलवर अर्थ शोधायची, आईला मराठीत सांगायची, पुन्हा अडायची. आनंदराव कंटाळून उठून जाऊ लागले. एकदा तर मेघाने मला धाडकन मिटलं. माझी जागा रद्दीतच, हे मी ओळखलं.

तेव्हा प्रेमिलाबाई म्हणाल्या, "काहून थांबून राहिली वं? वर्षावासात, पावसाळाभर, बुद्धविहारात रोज ग्रंथ वाचतो, तवा सगळं समजल्यावरच पुढं जातो काय? वाचणारा वाचते, आपण आयकतो. आज नाही समजलं तं उद्या समजते."

"आई, हा काही धर्मग्रंथ नाही."

"नसू दे. आयकाले आपलं काय जाते?"

मग मेघा न थांबता मोठ्याने वाचू लागली आणि वाचून झालं की गोष्ट मराठीत सांगू लागली. काय सांगू मित्रांनो, माझी वाक्यं कानासाठीच होती! आनंदराव मध्येच खुदकन हसू लागले. तरी मला शंकाच. हसायला काय, माणसं उगाचही हसतात.

एका प्रसंगात दारूच्या गुत्त्यातले लोक माझ्या नायकाला डिवचतात, तू ज्यू, तू इथला नाहीसच म्हणून. मेघाने तो सांगितला आणि प्रेमिलाबाई ताडकन म्हणाल्या, "नाव सांगतलं तरी आडनाव इचारणारे तिकडंबी हायेत म्हणा!" आनंदराव पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "मले हे कॉलेजात शिकवताना नाही दिसलं." त्या दिवशी माझा संशय पहिल्यांदा डळमळला.

आश्विन पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन संपतं आणि खीर वाटतात. तशीच माझं वाचन संपायच्या दिवशी प्रेमिलाबाईंनी घरी खीर केली. मेघाने शेवटचं पान वाचलं. आनंदराव डोळे मिटून बसले होते, हलेनात. झोपले! माझा शेवट वाया गेला, या विचाराने मला रडू कोसळलं असतं.

प्रेमिलाबाईंनी वाटी पुढे केली.

"थांब वं," डोळे न उघडताच आनंदराव म्हणाले. "मेघा, पहिलं पान काढ."

मित्रांनो, घरातल्या जाड पुस्तकाला काचेआड ठेवून मान देऊ नका. समजेल की नाही ही धास्ती सोडा, चार माणसं जमवा आणि मोठ्याने वाचा. त्या दिवशी पान उलटण्याच्या गडबडीत माझ्या पहिल्या पानावर खीर सांडली. मेघा पुसायला धावली, तरी डाग राहिलाच. कौतुकावर मी अजून विश्वास ठेवत नाही, पण त्या डागावर ठेवते.