एका महिन्याची वाफ

"नाही म्हणजे नाही का, एव्ही? एवढंच सांग. मग मी पंपावर जातो."

क्लेमने दोन्ही तळवे काउंटरवर दाबून धरले होते, बोटांची थरथर दिसू नये म्हणून. ती दिसत होतीच. एव्हिस ट्रेझाइज एकतीस वर्षं याच काउंटरमागे उभी होती आणि थरथरणारी बोटं तिने कमी पाहिली नव्हती. फक्त ती सख्ख्या भावाची नव्हती.

कुंडीना गावात औषधांचं दुकान एकच, एव्हिसचं. दाराच्या काचेवर तिने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं: 'इथे व्हेप विकले जात नाहीत.' वाफेच्या सिगारेटी फक्त औषधांच्या दुकानातून विकायच्या, असा कायदा सरकारने केला तेव्हा तिचं डोकं फिरलं होतं. आपण औषधं देणारे, तंबाखूवाले नव्हे, असं तिने जिल्ह्याच्या सभेत ठणकावून सांगितलं. हा माल ठेवायचा की नाही हे दुकानदारावर होतं, आणि तिने नाही ठेवला. गावाने मान डोलावली. गाव तिच्यापुढे मान डोलवायचंच.

क्लेम तिच्याहून तीन वर्षांनी लहान, एकसष्टचा. बापाची शेती त्याने एकट्याने ओढली आणि सिगारेटीही तशाच ओढल्या. गेल्या हिवाळ्यात फुप्फुसांनी हात टेकले. त्यानंतर वर्षभर त्याने सिगारेटीला शिवलं नव्हतं आणि एव्हिस ते चारचौघांत अभिमानाने सांगायची. ते कशाच्या जोरावर, हे तिला आत्ता पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. किनाऱ्यावरच्या एका दुकानात काउंटरखालून चोरटे व्हेप मिळायचे. दहा दिवसांपूर्वी त्या दुकानाला सरकारी टाळं लागलं. क्लेमकडचा शेवटचा व्हेप सोमवारी संपला. आज शुक्रवार.

निकोटिनच्या पट्ट्यांनी त्याच्या अंगावर चट्टे उठायचे, ते तिला ठाऊक होतं. डॉक्टर गावात यायचे गुरुवारी, म्हणजे कडक मात्रेची चिठ्ठी आता सहा दिवसांनी. आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर सिगारेटी रात्री नऊपर्यंत. तिथे एकसष्ट वर्षांच्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं.

"बस तिथे," एव्हिस म्हणाली आणि तिने फोन उचलला.

ज्याला फोन लावायचा तो हुइ डांग, सत्तर किलोमीटरवरच्या पोर्ट हॅलमचा तरुण फार्मासिस्ट. त्याने व्हेप ठेवले होते. जिल्ह्याच्या त्याच सभेत एव्हिस त्याला सगळ्यांदेखत म्हणाली होती की आज वाफ विकतोस, उद्या दारू विकशील. बिचारा कानापर्यंत लाल झाला होता. आता तिने फोनवर सगळं सांगितलं. मग हुइने एवढंच सांगितलं की सौम्य मात्रा चिठ्ठीशिवाय देता येते, पण क्लेमशी मला स्वतः बोलावं लागेल, आणि मी साडेपाचला बंद करतो. सोबत काय आणायचं तेही तो सांगत होता, पण एव्हिसने "माहीत आहे मला" म्हणत फोन ठेवला.

घड्याळात चार वाजले होते. फार्मासिस्टशिवाय दुकान उघडं ठेवता येत नाही, म्हणून तिने रांगेतल्या दोन बायकांना उद्या बोलावलं आणि दाराला कुलूप घातलं.

 वाटेत क्लेम गुडघा सारखा हलवत बाहेरची, मोहरीसारखी पिवळीधमक कॅनोलाची शेतं बघत होता. अर्ध्या वाटेवर पंप आला तेव्हा म्हणाला, "थांबव जरा. लघवीला."

"पुढे थांबू."

"विश्वास नाही?"

"नाही," एव्हिस म्हणाली. तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. तो खोकला दोन किलोमीटर चालला. तिने गाडी थांबवली नाही, वेगही कमी केला नाही.

पाचला दहा मिनिटं असताना ते पोर्ट हॅलमला पोचले. पांढऱ्या कोटातला हुइ वाटच बघत होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "नमस्कार, क्लेम. आधी तुमचं ओळखपत्र बघतो. फोटो असलेलं."

क्लेमने टोपी काढून पांढरं डोकं दाखवलं. "अठराच्या वरचा वाटत नाही का मी?"

"वाटता. तरी बघावं लागतं."

क्लेमचं पाकीट घरी होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एव्हिसने त्याला काही आणायला सांगितलंच नव्हतं. तिने आयुष्यात कुंडीनात कुणाला ओळखपत्र मागितलं नव्हतं. कुणाचं बाळंतपण कधी झालं हेसुद्धा जिथे पाठ, तिथे ओळखपत्र कसलं मागायचं! सत्तर किलोमीटर आलं तरी गावाची सवय काही सुटली नव्हती.

"मी आहे ना," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तो. मी लिहून देते."

हुइने मान खाली घातली. "बाई, ओळखीपाळखीने नियम वाकवला की तो नियम राहत नाही, हे त्या सभेत तुम्हीच बोलला होता. मला ते पटलं होतं."

तो चिडून म्हणाला असता तर एव्हिसला उत्तर देता आलं असतं. पण तो खरोखरच पटल्यासारखा बोलत होता. आपलीच काठी आपल्याच पाठीत बसली होती.

क्लेमने टोपी घातली. "बरं झालं. सुटलो," असं म्हणून तो बाहेर पडला.

एव्हिसला वाटलं, गाडीकडे गेला असेल. काचेतून पाहिलं तर तो रस्ता ओलांडत होता. समोर पेट्रोल पंप होता.

चौसष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे काय ते तिला त्या रस्त्यावर कळलं. पंपाच्या दुकानात रांग होती. पुढे एक ट्रकवाला, मग बाळाला कडेवर घेतलेली बाई, मग क्लेम. मुठीत खिशातल्या सुट्या नोटा होत्या. सिगारेटींच्या बंद कपाटाकडे तो उपाशी माणसाने भाकरीकडे बघावं तसा बघत होता. एव्हिसने त्याची बाही धरली.

"सोड. प्रयत्न केला ना आपण. झालं."

"सकाळी कुठे होतास?"

"काय?"

"सकाळी कुठे होतास, क्लेम? कोल्हे कोकरं नेतायत म्हणत होतास. बंदूक घेऊन गेला होतास ना?"

बाळवाली बाई पुढे सरकली. काउंटरवरच्या मुलीने क्लेमकडे पाहिलं. क्लेमने एव्हिसकडे पाहिलं, आणि मग हळूच कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. बंदुकीचा परवाना. बंदूक घेऊन निघालं की तो जवळ ठेवावा लागतो. वर क्लेमचा फोटो, एखाद्या दरोडेखोरासारखा.

तो रांगेतून लगेच निघाला नाही. किती वेळ उभा राहिला कोण जाणे. एव्हिसला आता त्याची बाही ओढायची भीती वाटत होती. ओढलं असतं तर तो हट्टाने काउंटरकडेच गेला असता, हे तिला कळत होतं. तिने बाही सोडली. मागच्या माणसाने विचारलं, तुम्ही रांगेत आहात का? "नाही," क्लेम म्हणाला.

हुइने परवाना उलटसुलट पाहिला, जन्मतारीख वाचली आणि दोघांना आतल्या खोलीत नेलं. खोली म्हणजे दोन खुर्च्या आणि एक स्टूल. बोलणं खाजगी असतं, बाई बाहेर बसतील का, असं त्याने क्लेमला विचारलं.

"बसू दे तिला."

एव्हिस स्टुलावर बसली. काउंटरच्या या बाजूला ती कधी बसलीच नव्हती. हुइने कागद ओढला. हे सगळे प्रश्न तिला पाठ होते, आणि क्लेमची उत्तरंही आपल्याला पाठ आहेत असं तिला वाटत होतं. तिच्याकडे कागद दिला असता तर तिने क्लेमला न विचारताच तो भरून टाकला असता.

"पहिली सिगारेट कधी?"

अठरा, एव्हिस मनात म्हणाली. फुटबॉलच्या टोळक्याबरोबर.

"पंधरा," क्लेम म्हणाला. "ही शिकायला शहरात गेली ना, त्या वर्षी. बाबांची पाठ गेली होती. मग मी शाळा सोडली. पेरणी रात्री चालायची. ट्रॅक्टरवर झोप लागायची. एकदा कुंपणात घातला. मग बाबांनीच दिली. म्हणाले, ओढ, जागा राहशील."

हुइ लिहीत राहिला. एव्हिस आपल्या बुटांकडे बघत राहिली. शाळा त्याला आवडत नव्हती म्हणून त्याने सोडली, असं सगळेच म्हणायचे. तीही म्हणायची.

"सोडायचा प्रयत्न कितीदा केला?"

"आठदा. नऊदा असेल."

तिला दोनदा माहीत होतं.

"आता सोडताना आधार कुणाचा आहे? घरचं, मित्र, कुणी?"

क्लेमने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे तिला दिसलं, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. मग बहिणीकडे बघून घाईने पुढे म्हणाला, "हिने पत्रकं दिली. पुष्कळ दिली. चांगली होती."

एव्हिसला रडू आलं. चौसष्ट वर्षांच्या बाईने परक्या दुकानात रडणं तिला मुळीच मान्य नव्हतं, तरी आलं. तिने ते खोकून लपवलं. त्या घराण्यात खोकल्याला कुणी फसत नसे, पण दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

हुइने साधी पांढरी डबी काढली. हे औषध म्हणून तपासून मंजूर झालेलं नाही, हे सांगणं माझं काम आहे, असं त्याने स्पष्ट सांगितलं. ही मात्रा क्लेमच्या सवयीपेक्षा हलकी आहे, पहिले काही दिवस जड जातील. एका वेळी एकाच महिन्याचं मिळेल, पुढच्या महिन्यात पुन्हा यावं लागेल. चव पुदिन्याची किंवा तंबाखूची.

"आंब्याची नाही?" क्लेमने विचारलं.

"नाही."

"चोर बरे होते," क्लेम म्हणाला आणि त्याने पुदिना घेतला.

दोन आठवड्यांनी चौकशीला फोन करीन, नंबर कोणाचा लिहू, असं हुइने विचारलं. एव्हिसने नंबर सांगितला. नातं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बहीण." हुइला ते माहीत होतं, तरी त्याने लिहून घेतलं. निघताना आभार मानायला एव्हिसने तोंड उघडलं, पण सभेतलं बोलणं मधे आलं. "मी त्या दिवशी वाईट बोलले," ती म्हणाली. हुइ म्हणाला, "साडेपाच वाजले, बाई. अंधाराच्या आत घरी जा."

परतीच्या रस्त्यावर ऊन तिरपं झालं होतं. क्लेमने पहिला झुरका घेतला, डोळे मिटले आणि त्याचा गुडघा हलायचा थांबला. मग भानावर येऊन त्याने घाईघाईने आपल्या बाजूची काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून वाफ सोडली. ऑगस्टचं, म्हणजे इकडच्या हिवाळ्याचं, बोचरं वारं आत आलं. त्या वाऱ्याने त्याच्या छातीचं काय होतं हे एव्हिसला चांगलं ठाऊक होतं. तिने आपल्या बाजूचं बटण दाबून त्याची काच वर केली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. गाडीत पुदिन्याची वाफ भरली. एव्हिसच्या गाडीत आजवर कुणी साधा च्युइंगमचा चंदेरी कागदसुद्धा टाकला नव्हता.

दहा-बारा किलोमीटर असेच गेले.

"क्लेम," ती म्हणाली, "त्या ट्रॅक्टरला दिवे होते का रे तेव्हा?"

क्लेमने हातातला व्हेप खाली केला.

"एकच चालायचा," तो म्हणाला. "डावीकडचा."