आजीच्या मडक्यातली आंबिल

“हाताची चव” हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आयुष्यभर परळीच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्तीनंतर एका साप्ताहिकात मुलांसाठी सदर लिहिते. दुधावर साय का धरते, पोळी टम्म का फुगते, हिवाळ्यात तोंडातून वाफ का निघते. पोरं विचारतात, मी लिहिते. नियम एकच. पोरानं विचारलं की खरं तेच सांगायचं, आणि माहीत नसेल तर तसं कबूल करायचं. “हाताची चव” हे उत्तर नव्हे, ही पळवाट आहे, असं मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की भाऊ संगमेश मला पाहिलं की मुद्दाम म्हणतो.

यंदाच्या येळवशीला मात्र तो मुद्दाम म्हणाला नाही.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं घरात कुणी सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, तिच्यात लक्ष्मीची पूजा, मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिल. ताकात ज्वारीचं पीठ कालवून मडक्यात आंबवायचं, मग पातेल्यात काढून उकळायचं, लसूण-जिऱ्याची चव द्यायची आणि गार करून प्यायचं. आमच्या मायची आंबिल अशी आंबट असायची की पहिल्या घोटाला एक डोळा आपोआप मिटायचा. लहानपणी मी आणि संगमेश तिच्या काळ्या मडक्यात डोकं घालून वास घ्यायचो आणि पाठीत धपाटा खायचो. मोठ्या मोठ्या हॉटेलांत जेवले, पण त्या वासानं लागायची तशी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

माय यंदाच्या उन्हाळ्यात गेली. तिच्याशिवायची ही पहिलीच येळवस. मायला जाऊन वर्ष झालं नाही, तर करायची का नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी संगमेशची मुलगी ईश्वरी म्हणाली, “आजीला आवडायची ना? मग करायची.” चौथीतल्या पोरीनं विषय संपवला.

आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडं गेले, तेव्हा तिनं मला हाताला धरून अंगणात नेलं. मायचं मडकं उन्हात पालथं घातलं होतं. “आत्या, बघ! साबणाच्या पावडरनं घासलं, उकळतं पाणी वतलं आईकून, चार दिवस उन्हात ठिवलं. आजीचं मडकं एकदम चकाचक!” तिच्या बोटांची सालं निघाली होती. मी तिची पाठ थोपटली.

शेतात पूजा झाली, पंगत बसली. परळीच्या वीज केंद्राची धुराडी लांबून दिसत होती, हरभरा गुडघ्याला लागत होता, सगळं दरवर्षीसारखं. वर्षाराणी वहिनीनं पेले भरले. संगमेशनं घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“न्हाई बा,” तो म्हणाला. “मायच्या हाताची चव न्हाई.”

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. बिचारी आठवडाभर राबली होती. मी पण घोट घेतला. आंबटपणा होता, पण वरवरचा, विकतच्या दह्याचा. डोळा मिटला नाही. मला एकदम रडू यायला लागलं, कारण मायचं सगळं गेल्यावरही ही चव तरी राहील, असं मी मनात धरून बसले होते.

“आत्या,” ईश्वरी माझ्याजवळ सरकली. “कावून असं? आईनं तर समदं आजीवानीच केलंय.”

मला कारण कळलं होतं. तिच्या सालं निघालेल्या बोटांकडं आत्ता नजर गेली, तेव्हाच कळलं होतं.

“थंडी लई हाय ना यंदा,” मी म्हणाले. “थंडीत आंबायला उशीर लागतो.”

“मागल्या साली बी थंडीच हुती.”

ही माझीच शिकवण. एका उत्तरावर थांबायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मला “हाताची चव” म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि थाप मारली असती तर तिला ती कळली असती.

मग मी सांगितलं. आंबवतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. पीठ खातात, आंबटपणा सोडतात. मातीच्या मडक्याला बारीक छिद्रं असतात, त्यांत ते दडून राहतात. आजी मडकं नुसतं पाण्यानं खंगाळायची, म्हणून बहुतेक तेच जीव तिच्याकडं वर्षानुवर्षं टिकले. साबणानं आणि उकळत्या पाण्यानं ते मरतात.

ईश्वरीनं आपल्या हातांकडं पाहिलं. “म्हंजी मी आजीला धुऊन टाकलं?”

संगमेशनं तिला मांडीवर घेतलं, तर ती त्याच्या छातीत तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. मला माझ्या खरं बोलण्याचा मनापासून राग आला.

तेवढ्यात बांधावरून शेजारच्या शेतातल्या मुक्ताबाई हाका मारत आल्या. येळवशीला एकमेकांच्या शेतात जेवायला बोलावतात, नाही म्हणता येत नाही. हातात आंबिलीची चरवी होती. पोर रडताना बघून त्यांनी आधी तिचाच पेला भरला. ईश्वरीनं हुंदके देत घोट घेतला.

तिचा एक डोळा मिटला.

मग संगमेशनं पेला ओढून घेतला, मग मी. तीच! तंतोतंत तीच!

“मुक्ताबाई, ही आंबिल...” मी म्हणाले.

“आता त्यात काय?” त्या म्हणाल्या. “मी नवी नवरी हुते तवा तुमच्या मायनंच वाटीभर आंबवण दिलतं. कवा बिघडलं की तिच्याकून न्यायचं, तिचं बिघडलं की माज्याकून. आमचं दोघींचं एकच हाय.”

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. ईश्वरी मात्र उठून उभी राहिली, नाक पुसलं आणि पेला नाकाशी नेऊन हुंगला.

“ही तर उकळल्याली हाय,” ती घाबरून म्हणाली. “ह्यातले तर मेले असत्याल. घरी न उकळल्यालं राहिलंय का? जिवंत?”

“जिवंत?” मुक्ताबाई हसल्या. “अगं, लई जिवंत हाय. सकाळी झाकण ढकलून भाईर आलतं. चल, वाटी घे.”