माझी बॅटरी कोण उतरवत होते?

मित्रांनो, तुम्ही मला पाहाल तर आधी हसाल. पुढून मी मिनीबस दिसते आणि मागून घर. मागच्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा, आत दोन अरुंद पलंग, एक छोटा फ्रीज आणि भिंतीला दुमडून ठेवायचे टेबल. लोक मला कॅरव्हॅन म्हणतात. ठाण्यात बाळकुमला, एका उंच इमारतीच्या आवारात, जांभळाच्या झाडाखाली माझी जागा आहे. मला पंधरा वर्षे झाली. माणसांत हे वय कोवळे समजतात, गाड्यांत नाही.

माझी पहिली नऊ वर्षे डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेली. कल्याणहून मी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना आणत असे आणि पाळी संपली की परत सोडत असे. कुणाच्या बाहीला निळा रंग असे, कुणाच्या गुलाबी. तो थोडा थोडा माझ्या सीटांना लागे. ड्रायव्हर परशुराम रोज फडक्याने सीटा पुसायचा. ते डाग कधीच गेले नाहीत, पण पुसणे त्याने सोडले नाही. मग कंपनीने नवी गाडी घेतली आणि मला शिळफाट्याजवळ एका मोकळ्या प्लॉटवर नेऊन उभे केले. गवत पायरीपर्यंत वाढले. एका मुंगसाने इंजिनाखाली संसार थाटला. दोन वर्षे मला कोणी हाकही मारली नाही.

मग संदेश आला. तो बाळकुमच्या जुन्या घराण्यातला. त्याच्या वाडवडिलांनी खाडीकाठी शेती केली, मिठागरांत घाम गाळला. आता त्या जमिनीवर इमारत उभी आहे आणि तिच्या एकोणिसाव्या मजल्यावर संदेश, त्याची बायको ऐश्वर्या आणि त्याची आई मीराबाई राहतात. संदेशला फिरण्याचे वेड. त्याने मला घासूनपुसून घेतले, जुन्या सीटा काढल्या, सुताराकडून पलंग करून घेतले. शनिवार-रविवारी तो मला भाड्याने देऊ लागला. कोकणातल्या किनाऱ्यांवर माझ्यापुढे उभे राहून लोक फोटो काढत. त्या दिवसांत मी जरा गर्विष्ठ झाले होते, हे कबूल करते.

आता माझ्या दुखण्याकडे वळते. माझ्या पोटात दोन बॅटऱ्या आहेत. एक इंजिन चालू करते. दुसरी घर चालवते, म्हणजे पंखा, दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप. गाडी धावली की दुसरी भरते, उभी राहिली की तिच्यावर घर चालते. ही दुसरी बॅटरी अचानक उतरू लागली. रविवारी संध्याकाळी मी भरलेली परत येई आणि शुक्रवारी पाहुणे सामान घेऊन चढले की पंखा दोन गिरक्या घेऊन थांबे. एकदा डोंबिवलीच्या एका कुटुंबाला तान्ह्या मुलीसह अर्ध्या वाटेतून परतावे लागले. संदेशने नवी बॅटरी बसवली. दोन महिन्यांत तेच. आणखी एक बसवली. पुन्हा तेच.

"भंगार आहे ही," संदेश एकदा माझ्या दाराशीच फोनवर म्हणाला. "टिटवाळ्याचा एक जण मागतोय. आतलं सगळं काढून चायनीजची गाडी करणार आहे. देऊन टाकतो."

मी सगळे ऐकत होते. बॅटरी कशाने उतरते हेही मला ठाऊक होते. पण मला हॉर्नशिवाय आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याने दाबला तरच.

विकण्याआधी एकदा दाखवून तर घे, असे मित्राने सुचवले म्हणून संदेशने दर्शनाला बोलावले. दर्शना कोपरची. गाड्यांच्या वायरिंगचे काम करते, स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून ठाण्यापासून कल्याणपर्यंत फिरते. आल्या आल्या तिने नवी बॅटरी मागितली नाही, याचेच मला नवल वाटले.

"दादा, सगळं बंद करा आणि अर्धा तास हात लावू नका. मग बघू," ती म्हणाली.

अर्ध्या तासाने तिने बॅटरीच्या तारेत मीटर जोडला. मेन स्विच बंद असताना कुठून करंट झिरपतो का, ते तिला पाहायचे होते. एकेक फ्यूज काढला, आकडा पाहिला, परत लावला. याआधी बॅटरी बसवायला आलेले इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत निघून गेले होते. ही दोन तास माझ्या पायरीवर बसली.

"गाडीत काही लीक नाही," शेवटी ती म्हणाली. "वीस मिलीअँपिअर जातोय. एवढा म्युझिक सिस्टीमच्या घड्याळाला लागतोच. यानं आठवड्यात काय, दोन महिन्यांतही बॅटरी उतरायची नाही."

"मग उतरते कशी? मेन मी स्वतः बंद केलेला असतो."

"तेच शोधायचंय." तिने बॅटरीच्या तारेला एक लहान डबी लावली. कधी किती वीज गेली, हे ती डबी टिपून ठेवते. "आठवडाभर राहू दे. पुढच्या बुधवारी येते. तोवर विकू नका."

बुधवारी ती दुपारी एकच्या सुमारास आली. संदेश तिच्यासाठी कामावरून लवकर आला होता. दर्शनाने मोबाइलवर डबीतली नोंद उघडली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने मोबाइल संदेशपुढे धरला.

"ही सोमवारची रेघ. पावणेदोनला वर जाते, साडेचारला खाली येते. मंगळवारी तेच. गुरुवार, शुक्रवार तेच. शनिवार-रविवारी गाडी इथंच होती, तरी काही नाही. दादा, कोणीतरी रोज गाडीत येऊन मेन चालू करतंय. मेन चालू झाला की पंख्याबरोबर तुमचा रिकामा फ्रीजही चालू होतो. पाच दिवसांत बॅटरी संपते."

संदेशचा चेहरा बदलला. माझी दुसरी चावी एकाच माणसाकडे होती. पाण्याचा टँकर आला की मला बाजूला घ्यावे लागे, म्हणून ती वॉचमन गणूकडे ठेवलेली. गणू संगमेश्वरकडचा, पंचावन्नचा, इमारत उभी राहण्याआधीपासून, अकरा वर्षे याच फाटकावर.

"दुपारी झोपा काढतो तो माझ्या गाडीत," संदेश म्हणाला. "आणि मी बॅटऱ्या बदलतोय."

"आधी नीट विचारा," दर्शना म्हणाली. "जो कोण येतो, तो जाताना आठवणीनं मेन बंद करतो. चोराला एवढी काळजी नसते."

पण संदेशने ऐकून घेतले नाही. त्याने गणूला हाक मारली. गणू टोपी नीट करत आला.

"गणूकाका, चावी तुमच्याकडे असते ना? दुपारी गाडी कोण उघडतं?"

गणूने खाली पाहिले. "उघडतो मी."

"कशाला?"

गणूने टोपी काढून हातात घेतली.

"मी काय विचारतोय? तुम्ही झोपता आत?"

गणू टोपीची कड चाचपत राहिला. संदेश म्हणाला, "ठीक आहे. आज सेक्रेटरींशी बोलतो. उद्यापासून दुसरा माणूस बघतील." मित्रांनो, त्या इमारतीत संदेशच्या शब्दाला वजन होते. जमीन त्यांचीच होती ना. गणू उद्या खरोखर घरी बसला असता.

तेवढ्यात पावणेदोन वाजले आणि लिफ्टचे दार उघडले.

मीराबाई बाहेर आल्या. हातात पाण्याची स्टीलची बाटली, खांद्यावर जुनी चादर. रोजच्यासारख्या माझ्याकडे निघाल्या आणि खांबाजवळ थबकल्या. संदेश पाठमोरा होता, गणू खाली बघत होता. त्यांना कोणी पाहिले नव्हते. मी मात्र पाहत होते. संदेश गणूला पुन्हा तेच सुनावत होता आणि त्यांनी ते सगळे ऐकले. त्या वळल्या आणि लिफ्टचे बटण दाबले. लिफ्ट आली, दार उघडले. त्या आत गेल्या नाहीत. दार बंद झाले आणि लिफ्ट रिकामीच वर गेली.

मग त्या आमच्याकडे चालत आल्या.

"गनूला काय बोलू नको," त्या म्हणाल्या. "मी झोपते आत."

संदेश वळला. "तू?"

"मीच. गनू फकत दार उघडून देतो. मीच त्याला बोललेली, संदेशला सांगू नको."

"अगं पण आई, वर तुझी स्वतःची खोली आहे. एसी लावलाय. खाडी दिसते तिथून."

"दिसते ना. लय लांब दिसते." मीराबाईंनी चादर सावरली. "मना वर झोप नाय येत, संदेश. वारा शिट्टी मारतो. जरा डोला लागला का वाटतं, पलंग हलतोय. मिठागरावर आमी दुपारची झोपडीत पडायचो, भुईवर. तशी सवय. हितं आत पडली का कशी झोप लागते, मना कलत पन नाय."

"दोन वर्षं झाली आपल्याला वर जाऊन. दोन वर्षं तू झोपली नाहीस?"

"झोपते. मधीमधी."

"मग बोलली का नाहीस?"

मीराबाईंनी बाटलीचे झाकण घट्ट केले. मग हळू म्हणाल्या, "तू किती हौसेनं दाखवलीस ती खोली. पडदे पन तूच आनलेस. कसं बोलू?"

संदेश माझ्या पायरीवर बसला. दर्शना पेटीतली हत्यारे उगाच पुसत राहिली. काही वेळाने संदेश उठला आणि गणूपुढे जाऊन उभा राहिला.

"काका, चुकलं माझं. पण तुम्ही सांगायचं तरी. नोकरी गेली असती तुमची."

"मावशींना शब्द दिलेला," गणू म्हणाला. मग त्याने खिशातून माझी चावी काढली आणि संदेशच्या हातावर ठेवली. "ही तुमच्याकडंच राहू दे आता." आवाजात राग नव्हता, पण तो फाटकाकडे गेला आणि त्या दिवशी पुन्हा आमच्याकडे आला नाही. पुढे पंधरा दिवस तो संदेशशी कामापुरतेच बोलला. संदेश मात्र येता-जाता फाटकाशी थांबत राहिला. एका सकाळी गणूने स्वतःहून विचारले, "चहा घेणार?" तेव्हा कुठे दोघांचे सुरळीत झाले.

चावी त्याच दुपारी मीराबाईंच्या कनवटीला गेली. दर्शनाने पंख्याची तार मेनपासून वेगळी केली आणि पलंगाशेजारी एक लहान पांढरा स्विच बसवला. आता पंखा एकटा चालतो, फ्रीज जागा होत नाही. तिने मीराबाईंना स्विच दाबून दाखवला. "आजी, हा एवढाच दाबायचा. दिवसभर चालला तरी बॅटरीला काही होत नाही."

"आनि जाताना बंद करायचा," मीराबाई म्हणाल्या.

"ते तुम्हाला सांगायला नको."

टिटवाळ्याच्या माणसाला संदेशने नको म्हणून कळवले. मीराबाई आत चढताना मी डुलते, हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने माझ्या चारही कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे बसवले. रात्री झोपायला त्यांच्यासाठी पहिल्या मजल्यावर जागा मिळते का, हेही तो बघतो आहे. अजून मिळालेली नाही. वारा वर अजूनही शिट्टी मारतो.

मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला मी मंगळवार ते गुरुवार हवी होते. संदेश माझ्या बोनेटला टेकून बोलत होता.

"नाही जमणार. शनिवार-रविवारी घ्या. सोमवार ते शुक्रवार गाडी घरीच लागते."

पलीकडच्याने कशाला, असे विचारले असावे.

"आई झोपते," संदेश म्हणाला आणि आवाज आणखी हळू केला, कारण तेव्हा पावणेतीन वाजले होते.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू पुन्हा पुन्हा दमत असेल, तर तिला लगेच भंगारात काढू नका. दर्शनासारखे थोडे थांबा, तिच्याजवळ बसा. ती कोणाच्या उपयोगी पडून दमते आहे, ते बघा. आणि ते माणूस सापडले, तर आधी त्याची विचारपूस करा. माझे काय, मला एक साधा स्विच पुरला.