बापलेकीनं उसवलेली पट्टी

मित्रांनो, आयुष्यभर पोरांच्या बुडाखाली राहिलेल्या माझ्यासारखीचं कोण ऐकणार? तरी सांगते. मी किन्हवलीजवळच्या एका वाडीतल्या शाळेची जुनी बसकरपट्टी, तागाची, लाल काठांची. नवी आले तेव्हा गुरुजींनी मला दोनदा झटकून अंथरलं होतं. केवढा तोरा होता माझा!

पहिल्याच वर्षी कातकऱ्यांचा कोंडू माझ्या टोकाला बसला. बसला कसला, सगळी चुळबुळच! फळ्यावर गणित, तर याचं लक्ष कौलावरच्या खारीकडे. बोटं मात्र माझ्या काठाचे धागे ओढायची. गुरुजींनी छड्या मारल्या, शेवटी पटावरून नावच काढलं. माझ्या काठाला भोक राहिलं.

गेल्या वर्षी त्याची लेक कविता त्याच जागी बसली. पहिल्याच दिवशी तिचं बोट त्या भोकात गेलं. मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

पावसाळा सरता सरता शहापूरहून पोरं तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कविताला तपासलं, मग कोंडूला बोलावून माझ्यावर बसवलं.

"हा पोरीचा आळस नाही. लक्ष न टिकणं कधी कधी घराण्यातून येतं. लहानपणी तुम्हीही असेच होता का? तसं असेल तर पुढच्या तपासणीच्या यादीत तिचं नाव घालते."

कोंडू मान खाली घालून म्हणाला, "नाय बाई. मी लय शांत व्हतो."

आणि बोलताना त्याची बोटं माझे धागे ओढत होती! बाई, कागदातून डोकं काढा, त्याच्या हाताकडे बघा, असं मी जीव तोडून ओरडले. पण तागाला कुठला आवाज? बाईंनी 'नाही' लिहिलं.

दारात कोंडू लेकीला म्हणाला, "माजी खोड कळली असती तर तुजंबी नाव काढलं असतं गो. आता ऱ्हाशील शालेत."

यादीत कविताचं नाव आलंच नाही. वर्गात ती नुसती खोडकर ठरली, रोज शिक्षा होऊ लागली. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली, ती परतलीच नाही. मी फार रडले.

आता मी कोपऱ्यात गुंडाळून पडले आहे. मित्रांनो, शेजारचं कुणी चुळबुळत असेल तर त्याला हसू नका. नव्या पट्ट्या आल्या की मला खुशाल जाळा. फक्त भोकाचा तेवढा तुकडा कापून डॉक्टरीणबाईंना नेऊन द्या. कोंडूचं खरं उत्तर तिथे आहे.